आधी धुरा, मग वावर

२०२३ च्या पावसाळ्यात विदर्भातलं सोयाबीन पिवळ्या मोझॅकनं कसं बसलं, ते यवतमाळ जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. या रोगावर औषध नाही. विषाणू एकदा झाडात शिरला की कोणतीही फवारणी त्याला बाहेर काढू शकत नाही. पण पीक नसतं तेव्हा तो कुठं तरी जिवंत राहतो. धुऱ्यावर, नाल्याकाठी, मोटारीच्या खोलीमागं जे हिरवं तण उभं असतं, ते त्याचं घर. तिथून पांढरी माशी त्याला सोयाबीन, मूग, उडदावर आणते. भेंडीचा केवडाही असाच येतो. पऱ्हाटीवरचा एक विषाणू गाजर गवताच्या परागातून आणि फुलकिड्यांमार्फत येतो. हे घर मोडणं तुमच्या हातात आहे, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

क्रम मात्र मोडू नका. जे तण जेठात काढल्यानं पीक वाचतं, तेच तण पीक उभं असताना भर दुपारी कापलं तर त्यावरची माशी उडून थेट पिकावर बसते.

एवढं सामान जमवून ठेवा: खुरपं, विळा, कुदळ, रबरी हातमोजे, रिकामी चुंगडी आणि बांधायला सुतळी, पिवळे आणि निळे चिकट सापळे, पाच किलो निंबोळ्या, साधा कपडे धुवायचा साबण, एक कागद आणि पेन्सिल. चला.

आखाजीपासून मिरगापर्यंत

१. ऊन उतरल्यावर वावराला एक पूर्ण फेरी मारा. मे महिन्यात आपल्याकडं सगळं वाळून करडं झालेलं असतं, म्हणून जे हिरवं आहे ते लांबूनच दिसतं. उन्हाळा काढायला माशीलाही तेवढीच जागा उरलेली असते. आज फक्त बघा. घाईनं उपटत सुटलात तर अर्ध्या जागा नजरेतून सुटतील.

२. जिथं हिरवं दिसलं तिथं कागदावर खूण करा. विहिरीचा सांडवा, गळका पाइप, कॅनॉलचा पाझर, गुरांचा हौद, उकिरड्याची ओली बाजू, पांदणीच्या कडेची नाली, या जागा हमखास निघतात. गोठ्यामागची जागा विसरू नका, तिथं धोत्रा आणि गाजर गवत बारा महिने असतं.

३. खूण केलेल्या जागी सकाळी लवकर जा आणि पानं हलक्या हातानं उलटून बघा. पांढरी माशी तांदळाच्या कणीहूनही बारीक असते, पंख छपरासारखे उतरते ठेवून पानाच्या खालच्या बाजूला बसते. उन्हं तापली की झाड नुसतं हललं तरी धुरळा उडाल्यासारखी उठते, सकाळच्या गारव्यात मात्र बसून राहते. तिची पिल्लं पानाला चपटी चिकटलेली फिकट पिवळी खवलं वाटतात, नखानं खरवडली तर निघतात. पानावर पिवळ्या शिरांची जाळी किंवा पिवळे-हिरवे चट्टे असतील तर ती जागा कागदावर दोनदा गिरवा. पण जाळी नाही म्हणून तण निरोगी असं समजू नका. गाजर गवत विषाणू अंगात घेऊनही हिरवंगार दिसतं.

४. त्या जागांवरचं रुंद पानाचं तण मुळासकट काढा. गाजर गवत, दुधी, पेटारी, चिकणा, गोखरू, ओसाडी, रानभेंडी, धोत्रा, कामोनी, काटेमाठ, यातलं जे सापडेल ते. जमीन कडक असेल तर आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी टाकून ठेवा. विळ्यानं वरून छाटू नका, छाटलेल्या बुडातून आठ दिवसांत कोवळा फुटवा येतो आणि माशीला कोवळंच जास्त आवडतं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. धुरा खरवडून उघडा करू नका. कुसळ, हराळी, पवन्या असं गवत राहू द्या. पांढऱ्या माशीनं पसरणारे हे रोग गवतावर राहत नाहीत. शिवाय तेच गवत धुऱ्याची माती धरतं, गुरांना चारा देतं आणि ढालकिडे तिथंच आसरा घेतात. सोटमूळ आणि रुंद पान असलेलं तण काढायचं, एवढं मजुरांना दाखवून द्या. नुसतं सांगून जमत नाही, एक-एक झाड हातात धरून दाखवा.

५. धुऱ्यावर, पांदणीला, परसात गेल्या सालची तूर उभी असेल तर ती खणून काढा. तुरीचा वांझ रोग अशा जुन्या आणि फुटवा आलेल्या झाडांवर राहतो. झाड हिरवं, झुपकेदार, पण फूल नाही आणि पानं बारीक, फिकट चट्ट्यांची, ही त्याची खूण. डोळ्यांना सहज न दिसणारे कोळी वाऱ्यासोबत त्याला नव्या तुरीवर नेतात. शेंगा खायला म्हणून एखादं झाड ठेवायचा मोह होतो, तो याच झाडापुरता आवरा.

६. आपोआप उगवलेलं सोयाबीन, मूग, उडीद आणि संपत आलेली उन्हाळी भेंडी उपटून टाका. उन्हाळी मूग किंवा सोयाबीन घेतलं असेल आणि त्यावर पिवळी पानं दिसली असतील, तर ते खरिपाच्या पेरणीआधी पूर्ण निघालंच पाहिजे. दहा झाडं राहिली तरी माशीला तेवढी पुरतात.

७. शेजाऱ्याला जाऊन भेटा. "भाऊ, आपला धुरा एकाच दिवशी साफ करू, तुमच्याकडून दोघं, माझ्याकडून दोघं," असं सरळ बोला. धुरा सामाईक, माशी सामाईक. एका बाजूनं साफ केलेला धुरा अर्धाच साफ असतो. बोलणं मिरगाच्या आधी उरका, पेरणीच्या धांदलीत कुणाला सवड नसते.

पहिला पाऊस ते पेरणी

८. पहिल्या चांगल्या पावसानंतर तण उगवू द्या. पेरणीजोगा पाऊस नक्की झाला असेल आणि दिवस हातात असतील तर चार-पाच दिवस थांबा. तण दोन पानांवर आलं की हाती लागतं.

९. वखराची पाळी द्या. कोवळं तण मुळापासून सुटून उन्हात मरतं. रान चिखलट असेल तर वखर घालू नका, काळ्या मातीत तण उपटत नाही, नुसतं एका जागेवरून दुसऱ्या जागी लागतं.

१०. त्याच आठवड्यात धुऱ्यावर उगवलेली गाजर गवताची रोपं हातानं उपटा. पावसानं माती मऊ असते, मूळ सुळकन येतं. हातमोजे घाला. नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात चढवून मनगटाशी बांधा, कारण या गवतानं अंगाला खाज सुटते आणि काहींना दमाही उठतो. ज्याला आधीच त्रास आहे त्याला या कामाला लावू नका.

११. बियाण्याला बीजप्रक्रिया करा. क्रम असा: आधी बुरशीनाशक, ते सुकलं की कीटकनाशक, आणि अगदी शेवटी पेरणीच्या तोंडावर सावलीत जिवाणू संवर्धक. सोयाबीनला थायोमिथॉक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिली लावलं की सुरुवातीच्या दिवसांत रस शोषणारी कीड रोपावर टिकत नाही. हात झाकलेले हवेत. बियाणं चोळू नका, सोयाबीनची साल नाजूक असते, ती निघाली की उगवण गेली.

१२. वावराच्या चारी कडांना ज्वारीचे तीन-चार तास आधी पेरा. बाहेरून येणाऱ्या माशीची आणि फुलकिड्यांची पहिली गाठ ज्वारीशी पडते, आणि ज्वारीवर हे रोग वाढत नाहीत. जिकडून वारा येतो त्या पश्चिमेच्या कडेला दोन तास जास्त टाकलेत तरी चालेल. मुख्य पीक आधी उगवून आलं आणि ज्वारी मागं राहिली तर तिचा काही उपयोग नाही.

१३. आता मुख्य पीक पेरा. युरियाचा हात आखडता ठेवा. गडद हिरव्या, लुसलुशीत पिकावर माशी जास्त बसते.

पीक उभं असताना

१४. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांनी चिकट सापळे लावा. सोयाबीन, मूग, उडदात पिवळे, एकरी दहा ते पंधरा. पऱ्हाटीत फुलकिड्यांसाठी त्यात काही निळेही घाला. निम्मे धुऱ्याच्या बाजूला ठेवा, कारण माशी तिकडून येते. सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरा वर हवा, पीक वाढलं की तोही वर सरकवा. पिकात बुडालेला सापळा फक्त धूळ गोळा करतो.

१५. पंधरा ते वीस दिवसांनी पहिली डवरणी करा. सोयाबीनच्या पहिल्या तीस-पस्तीस दिवसांत तण राहिलं तर उत्पन्नही जातं आणि रोगालाही वाट मिळते.

१६. डवऱ्याच्या मागं लगेच निंदण लावा. डवरा तासातलं तण काढत नाही, आणि पिकाच्या पानाला पान लावून उभं असलेलं तणच सर्वांत घातक. कुंजर, केना, दुधी, चिकणा असं सगळं निघू द्या. केना आणि घोळ मात्र तिथंच तासात टाकू नका, पाऊस आला की कांडीकांडीला मुळं धरून परत उभे राहतात. चुंगडीत भरून बाहेर न्या. बायका निंदता-निंदता भाजीला तरोटा, कुंजर, घोळ खुडून ओटीत टाकतात. खुशाल टाकू द्या, पण त्या कडेला फवारणी झाली असेल तर आधीच बजावून ठेवा.

१७. जुलैच्या मध्यापर्यंत धुऱ्यावर आणि पऱ्हाटीच्या अवतीभवती गाजर गवताची दुसरी फेरी करा. उगवल्यापासून महिनाभरात त्याला पांढरी फुलं लागतात, आणि पऱ्हाटीला धोका त्या फुलांचाच आहे. परागात विषाणू असतो, फुलकिडे तो पानावर नेतात आणि पान खरवडताना झालेल्या जखमेतून तो आत जातो. फूल लागलंच असेल तर झाडाच्या डोक्यावर आधी पिशवी चढवा, बुडाशी धरा आणि मग उपटा. फुललेलं झाड झटकत-ओढत नेलं तर पराग तुम्ही स्वतःच पऱ्हाटीवर शिंपडता. गाजर गवताची पानं कुरतडणारे बारीक, पाठीवर काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर त्या झुपक्याला हात लावू नका. ते तुमचंच काम करताहेत.

१८. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वावरातून नागमोडी चालत जा. धुऱ्यापासून सुरुवात करा. पहिली पिवळी झाडं बहुतेक कडेच्या दहा-पंधरा तासांत सापडतात. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर उन्हाच्या चमकीत पिवळं पान ओळखू येत नाही.

१९. पिवळं झाड दिसलं की आधी नीट ओळखा. वरच्या कोवळ्या पानावर ठळक पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले, शेजारचं झाड मात्र निरोगी, असं एकटंदुकटं विखुरलेलं झाड म्हणजे पिवळा मोझॅक. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, आणि तसा पट्टाच्या पट्टा दिसत असेल तर लोहाची कमतरता किंवा साचलेलं पाणी बघा. तासाच्या तास सारखा पिवळा पडला असेल तर तणनाशकाचा फटका असेल. पऱ्हाटीत पानांवर जांभळट-तपकिरी कड्या आणि वाळलेल्या कोवळ्या पात्या दिसल्या तर विषाणूचा संशय घ्या, पण बोंडं भरताना खालच्या पानांपासून लाली चढत असेल तर तो लाल्या, त्याची गोष्ट वेगळी. खात्री होत नसेल तर पानं कागदात गुंडाळून सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. प्लास्टिकमध्ये कोंबू नका, पानं घामटून सडतात.

२०. रोगट झाड ठरलं की त्यावर चुंगडी उलटी घाला, आतल्या आत उपटा आणि तोंड तिथंच बांधा. हे काम सकाळी, पानावर दव असताना करा. उपटलेलं झाड खांद्यावर टाकून वावरभर फिरवू नका. पहिल्या पंधरवड्यात झालेली अशी दहा-वीस झाडांची उचल पुढच्या चार फवारण्यांहून मोलाची आहे. अर्धं वावर पिवळं झाल्यावर मात्र उपटण्यात अर्थ राहत नाही, तेव्हा मजुरी वाया घालवू नका.

२१. त्याच संध्याकाळी निंबोळ्यांचा अर्क भिजत घाला. वाळलेल्या निंबोळ्यांचा पाच किलो भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर. एकच पंप लागणार असेल तर पंधरा लिटरला ७५० ग्रॅम भरडा घ्या. जुन्या, बुरशी धरलेल्या निंबोळ्या वापरू नका, वास येतो पण गुण येत नाही.

२२. सकाळी अर्क दुहेरी फडक्यातून गाळा. एकेरी फडकं चालत नाही, नोझल अडकतं आणि तुम्ही तोंडानं फुंकायला जाता. नोझल तोंडात कधीच धरायचं नाही, निंबोळी असो की आणखी काही.

२३. २०० ग्रॅम साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून अर्कात मिसळा. आधी साबण, मग उरलेलं पाणी घालून १०० लिटर पूर्ण करा. उलटं केलंत तर फेस होतो आणि अंदाज चुकतो.

२४. ऊन कललं की धुऱ्याला लागून असलेल्या पिकाच्या तासांवर हा अर्क फवारा. पानाच्या खालून वर, म्हणजे माशी बसते तिथं लागला पाहिजे. कडक उन्हात निंबोळीचा गुण उडतो. फवारणी पिकावर, तणावर नाही, हे लक्षात ठेवा. कडवट झालेल्या पिकावर माशी बसायला नाखूष असते, म्हणून उद्या तण हलवताना ती तिकडं वळणार नाही.

२५. दुसऱ्या दिवशी पहाटे धुऱ्यावरचं राहिलेलं रुंद पानाचं तण उपटून चुंगडीत भरा. दव सुकायच्या आत थांबा. उरलेलं काम दुसऱ्या सकाळी करा, पण ऊन चढल्यावर तण हलवू नका. या टप्प्यावर धुऱ्यावर तणनाशकही मारू नका. तण हळूहळू सुकतं आणि सुकणाऱ्या तणावरून माशी रोज थोडी थोडी पिकावर उतरते.

२६. भरलेली चुंगडी वावराबाहेर दोन फूट खड्ड्यात पुरा. ऊन असेल तर बंद काळ्या पिशवीत चार दिवस तापवलीत तरी चालतं. फुलं-बिया नसलेलं तण असं सुकल्यावर खतखड्ड्यात टाकता येतं. बी धरलेलं गाजर गवत खतात टाकलंत तर पुढच्या साली खताच्या प्रत्येक टोपलीबरोबर ते वावरभर पेरलं जाईल.

२७. एवढं करूनही सापळ्यांवर माशी वाढतच असेल तर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं एक कीटकनाशक विचारून घ्या आणि तेवढंच फवारा. एकात दुसरं, तिसरं मिसळू नका. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आठवून पंप उचला. पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याच्या दिशेनं चालणं आणि उपाशीपोटी न जाणं. डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारू नका. मळमळ, धूसर दिसणं, खूप घाम असं काही झालं तर कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

काढणीनंतर

२८. पऱ्हाटीची फरदड ठेवू नका. पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत ओढलेली पऱ्हाटी पांढऱ्या माशीला आणि बोंडअळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पोचवते. शेवटची वेचणी झाली की गुरं-शेळ्या चारा आणि पऱ्हाट्या उपटून बाहेर काढा. धुऱ्यालगत रचून ठेवू नका.

२९. तूर कापल्यावर राहिलेली खुटं आठवड्याभरात काढा. हरभऱ्याचं पाणी शेजारच्या तुरीच्या पट्ट्यात झिरपतं आणि त्या खुटांना हिरवा फुटवा येतो. तो फुटवा दिसायची वाट बघू नका, ओल असतानाच कुदळीनं उपसा. वाळल्यावर काळी माती त्यांना सोडत नाही.